उजव्या कोपऱ्यातली पेटी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज साखऱ्याच्या वरच्या माळावर माझी इज्जत गेली. चारचौघांसमोर, नीट बघून गेली.

मेंढी अडली होती, कोकरू आडवं. मला हातमोजे, तेल आणि एक बारीक दोर, एवढंच हवं होतं. तिन्ही वस्तू जीपमध्ये होत्या. कुठे होत्या ते देवाला ठाऊक. आमच्या संस्थेने जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी ही जुनी जीप घेतली ती चारही चाकांनी ओढते म्हणून. नाला असो, खडक असो, ती चढते. पण चढताना मागचं सगळं सामान असं हिंदकळतं की आठवडी बाजार उठल्यावरचं मैदान बरं. जॅकखाली सिरिंजा, सिरिंजांवर फावडं, जंतनाशकाची बाटली फुटून सगळ्यावर पांढरा चिकट लेप. वीस मिनिटं शोधलं. दोर सापडला तो स्टेपनीच्या पोटात. मेंढी वाचली, कोकरू गेलं.

मेंढरं नामाजी आणि भागाबाईची. ब्याण्णव डोकी आहेत, त्यावरच घर चालतं. भागाबाई मेलेलं कोकरू पदराआड घेऊन गेली. नामाजी मात्र म्हणाला, "डॉक्टरबाई, आमचं बिऱ्हाड घोड्यावर असतं, पन मागितलं की गावतं." मी हसल्यासारखं केलं. जीपमध्ये बसल्यावर रडू आलं, आणि रडू आलं म्हणून अजून राग आला.

ड्रायव्हर मकबूलभाई निवांत. तीस वर्षं कनेरगाव नाका ते वाशीम काळीपिवळी हाकलेला माणूस. त्यांच्या दृष्टीने सामान म्हणजे माणसं, कोंबली की बसतात.

५ फेब्रुवारी, बुधवार

चौकटीच्या कागदावर नकाशा काढला. आठ खण. डावीकडे सुया-सिरिंजा, मग औषधं, मग सलाईन, प्रसूतीचं सामान वेगळं. फावडं, साखळी, जॅक, चाकाखाली लावायचे ठोकळे खाली पट्ट्याने बांधलेले. आणि लशीची बर्फाची पेटी मागच्या उजव्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या बाजूला. मागचं दार उघडलं की पेटी थेट हाताशी येते.

आजवर ही पेटी मकबूलभाई पुढे माझ्या पायापाशी ठेवत आले. तीन महिने मी गुडघे हनुवटीला लावून प्रवास करते आहे. एक्केचाळीस वय झालं, गुडघे काही उसने आणलेले नाहीत.

नकाशा त्यांना दाखवला. कागद उलटा-सुलटा करून म्हणाले, बराबर हाय. मग पेटी कुठं, म्हणून विचारलं. मी कोपरा दाखवला. ते वाकून जीपच्या खाली बघत बसले. काम टाळायचं असलं की माणूस असंच काहीबाही बघत बसतो.

९ फेब्रुवारी, रविवार

जीप घेऊन वसमतला. माहेरचा अय्याज सुतार, लहानपणापासून ओळखीचा, हाताला सफाई आहे. दिवसभर त्याच्या डोक्यावर बसून काम करून घेतलं. उजव्या कोपऱ्यात तळाला एक जाड फळी होती, मकबूलभाईंनी कोण्या काळी टाकलेली. ती काढायला लावली. दोन इंच उंची वाचली आणि पेटी कशी चपखल बसली!

प्रत्येक खणावर चिठ्ठी चिकटवली. पेटीशेजारचा छोटा खण जेवणाच्या डब्यांचा. आई बघायला आली होती. म्हणाली, पोरी, घरचं कपाट कधी असं लावलं न्हाईस. आईला कौतुक करता येत नाही, टोमणा मारला की समजून घ्यायचं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मी काही अडाणी नाही. पेटीच्या आत काट्याचं थर्मामीटर चिकटवलं आणि जीप हिंगोली-वाशीम रस्त्यावर दोन तास फिरवली. काटा पाच अंशांवर. लस दोन ते आठमध्ये राहिली पाहिजे. म्हणजे पाच, अगदी मधोमध. मकबूलभाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "हा सडक हाय, म्याडम." मी म्हटलं, मग काय आगगाडीच्या रुळावर तपासू?

आजपासून लसीकरण सुरू. पीपीआरची लस, शेळ्यामेंढ्यांच्या बुळकांडीची. मार्चअखेर वीस कळप करायचे आहेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

माळावर गेले आणि डोळे मिटून सुई काढली. खरंच डोळे मिटून, तिथल्या भावसिंग मेंढपाळाच्या पोरींना गंमत म्हणून दाखवलं. दोन मिनिटांत मांडामांड. हे सुख कुणाला सांगून कळणार नाही.

आणखी एक फायदा म्हणजे जेवणाचा खण. दुपारी डबा उघडला तर वरण कोमट नव्हे, चांगलं गरम. अय्याजनं झाकण घट्ट बसवलंय त्याची ही करामत. मकबूलभाईंची खिचडीसुद्धा वाफाळती. त्यांनी डबा हातात धरला, माझ्याकडे बघितलं आणि खाऊन टाकलं. एक शब्द कौतुकाचा निघेल तर शपथ.

फक्त परतताना बघितलं तर पेटी पुन्हा पुढे, माझ्या पायापाशी! गुमान उचलून मागे ठेवली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा पेटी पुढे! वर चढायच्या आधी जीप थांबवायची, खाली उतरायचं आणि पेटी हलवायची. जणू माझा नकाशा म्हणजे लेकरांचा खेळ.

आज मी बोलले. कळपाजवळ सात-आठ माणसं होती, तरी बोलले. मकबूलभाई म्हणाले, "पेटी तिथं नका ठेवू, म्याडम. लई ताप हाय तिथं." मी म्हटलं, पेटीचा कसला ताप होतो तुम्हाला? ती काय तुमच्या मांडीवर बसते? माझ्या डोक्याला ताप आहे तो तुमचा. लोक हसले. मकबूलभाईंचा चेहरा उतरला, गाडीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

मी तोंडाळ आहे, ठाऊक आहे मला. पण नाचता येईना अंगण वाकडं, हे किती दिवस ऐकून घ्यायचं?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आता नवीनच. मकबूलभाई पेटीखाली ओलं गोणपाट घालून राहिलेत. सलाईनच्या खणाची चिठ्ठी भिजून गळून पडली, वास तर विचारू नये. काढून फेकलं. ते पुन्हा घालतात, मी पुन्हा काढते. बोलणं बंद आहे. "चला", "थांबा", "पोचलो", एवढ्यावर संसार चालू.

बर्फ दुपारी बाराच्या आत पाणी होतो. दोष दवाखान्याच्या फ्रीजरचा. रात्री वीज जाते, आइसपॅक नीट गोठत नाहीत. शिवशंकर सरांना, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांना, त्यावर कडक पत्र लिहिलं. काटा मात्र पाचवर. निदान एक वस्तू तरी या गाडीत शिस्तीत वागते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अय्याजला बोलावून पेटीला लोखंडी पट्टी ठोकून घेतली, तळाशी नटबोल्टने. वर बारीक कुलूप. किल्ली माझ्या पर्समध्ये. आता हलवा म्हणावं.

मकबूलभाईंनी कुलूप बघितलं. "या अल्ला," एवढंच म्हणाले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नामाजीचा कळप झाला. सोपं नव्हतं. भागाबाई आडवी आली. मागे कुणीतरी टोचून गेलं होतं, तेव्हा मेंढरांच्या माना सुजल्या होत्या. ती म्हणाली आमाला न्हाई टोचायचं, आमी पाला-मुळी करू. मी तासभर समजावलं. शेवटी तिने माझा हात धरला. तिचे हात लोकर कातरून कातरून सोललेले.

"तुमी सांगा," ती म्हणाली. "कागद न्हाई, संस्था न्हाई. तुमी सोता सांगा, ह्यानं माजी मेंढरं वाचतील म्हून."

मी म्हटलं, वाचतील. माझ्या जबाबदारीवर.

ब्याण्णव टोचली. वरचा चढ एवढा खडा होता की मकबूलभाईंनी पाऊण तास लो गिअरमध्ये गाडी चढवली. बर्फाचं पुन्हा पाणी झालं होतं. काटा पाच.

७ मार्च, शुक्रवार

मकबूलभाईंचे रोजे सुरू आहेत. माझा डबा मी गाडीच्या मागे जाऊन खाते. त्यांनी सांगितलं नव्हतं, त्यांच्यासमोर खाणं मलाच बरं वाटत नाही. चौदा कळप झाले, उरलेल्या सहांची लस अजून जिल्ह्याहून यायची आहे. सरांनी फोनवर शाबासकी दिली. जीपचे फोटो मागवलेत, दुसऱ्या गाड्यांत तसंच करायचं म्हणून. माझा नकाशा आता तीन तालुक्यांत फिरणार. मकबूलभाईंना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानेच बोलले.

१९ मार्च, बुधवार

नामाजीचा फोन. पलीकडच्या शिवारात कुण्या परक्या कळपात रोग शिरलाय, नाकातून शेंबूड, तोंड आलंय, हगवण. मेंढरं घेऊन वसमतकडे उसाच्या पट्ट्यात उतरू का, विचारत होता. तिकडे पाहुणे आहेत त्यांचे.

मी सांगितलं, काही गरज नाही. लस दिली आहे, तीन आठवडे होत आले. जागचे हलू नका, उगाच पायपिटीने मेंढरं खंगतील. मागून भागाबाईचा आवाज आला, काय म्हणत्यात बाई? नामाजी तिला म्हणाला, भ्यायचं न्हाई म्हणत्यात.

२४ मार्च, सोमवार

नामाजीची चार मेंढरं आजारी.

२६ मार्च, बुधवार

अकरा मेली. हे होऊच शकत नाही. वर जाऊन बघितलं, पीपीआरच, डोळे झाकून सांगता येईल. लशीची ती खेपच खराब असणार. किंवा नामाजीने कळप कुठे दुसऱ्यांत मिसळला असणार. त्याला तसं विचारलं. तो म्हणाला, "जागचे हलू नका म्हनला होता तुमी. न्हाई हललो."

भागाबाई एका मेंढीचं तोंड मांडीवर घेऊन कापसाने धूत होती. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

२८ मार्च, शुक्रवार

आज लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर उद्या मी मलाच काहीतरी वेगळं सांगेन.

वर सलाईन आणि औषधं घेऊन चाललो होतो. सवयीने सकाळी पेटीत गोठलेले आइसपॅकही भरले होते. चढ संपला. मी मागचं दार उघडून सलाईनची बाटली काढली तर ती चहासारखी गरम. मेंढीला लावली असती तर मेलीच असती. खण तापलाय का म्हणून हात खाली घातला आणि कोपऱ्यातल्या पत्र्याचा चटका बसला. बोटाला फोड आला आहे, त्याच बोटाने लिहिते आहे.

कुलूप काढलं, पेटी उघडली. आइसपॅक कोमट. काटा पाचवर. मी थर्मामीटर दगडावर आपटलं. काटा थरथरला आणि सरळ चौतीसवर गेला.

दीड महिना गाडीच्या धक्क्यांनी तो काटा अडकून बसला होता. बर्फाचं पाणी रोज डोळ्यांनी बघत होते, पण विश्वास ठेवला काट्यावर. पेटीच्या बरोबर खालून सायलेन्सरचा पाइप जातो. सडकेवर वारा लागतो, काही होत नाही. लो गिअरमध्ये, चढावर, इंजिन ओरडत असताना तो पाइप लालबुंद होतो. मधे फळी होती. ती मी काढली. दोन इंचांसाठी.

मकबूलभाई बाजूला उभे होते. मी त्यांच्यावर ओरडले. होय, तेव्हाही मीच ओरडले. तुम्हाला ठाऊक होतं तर सांगितलं काहून नाही?

ते शांतपणे म्हणाले, "सांगितलं होतं, म्याडम. तिथं ताप हाय म्हनलो. तुमी म्हनल्या, ताप तुमचाच हाय. लोक हसले. मंग हातानं जेवढं झालं तेवढं केलं. तुमी कुलूप लावलं."

घरी येऊन मागची पानं उलटली. अठरा फेब्रुवारी. माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, शब्दन्‌शब्द. तीस वर्षं गाडीखाली झोपलेला माणूस मला उष्णतेबद्दल सांगत होता आणि मी समजले, कटकटीबद्दल बोलतोय. चौदा तारखेचं पानही वाचलं. गरम वरणाचं कौतुक केलंय मी. थू माझ्या शिक्षणावर.

२९ मार्च, शनिवार

मेलेली मेंढरं सव्वीस.

शिवशंकर सरांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, अहवालात लिहा की लसीकरणानंतरही मृत्यू, कारण अनिश्चित. अशा गोष्टी होतात. तुम्ही स्वतःहून फासात मान कशाला देता? बाहेर कळलं तर एकही मेंढपाळ गाडीला जवळ येऊ देणार नाही, पाच वर्षांचं काम मातीत जाईल.

ते खोटं बोलत नव्हते. तेच तर वाईट आहे. दुपारभर मला त्यांचं पटलेलं होतं. लेखणी घेऊन "कारण" इथपर्यंत लिहिलंसुद्धा.

३० मार्च, रविवार

पाडवा. आईने घरी ये म्हणून तीनदा फोन केला. मी साखऱ्याला गेले. मकबूलभाईंचा शेवटचा रोजा, उद्या ईद. तरी सुट्टी नको म्हणाले. रस्त्यात मी त्यांची माफी मागितली. वाक्य नीट जुळलं नाही, निम्मं गिळलं गेलं. ते म्हणाले, पुढं दगड हाय, घट्ट धरा.

भागाबाई मेलेली मेंढरं पुरलेला खड्डा लिंपत होती. शेजारी कोकरांच्या रिकाम्या डालग्या उपड्या ठेवलेल्या. मी उभ्या-उभ्याच सांगितलं. पेटी, फळी, काटा, कुलूप, सगळं. मकबूलभाईंनी बजावलं होतं तेही. वसमतकडे जाऊ नका असं मी म्हणाले, ती चूकही माझीच, हेही. मला वाटलं भागाबाई दगड उचलेल. उचलला असता तर बरं झालं असतं. मी माफी मागायला लागले तशी तिने चिखलाचा हात वर केला.

"माफी राहू द्या," ती म्हणाली. "त्याच पेटीतली लस आनखी कोनाकोनाला टोचली?"

काल दिवसभर मी माझ्या नोकरीचा विचार केला, तिच्या सव्वीस मेंढरांचा केला, माझ्या पापाचा केला. हा एक विचार केलाच नव्हता. चौदा कळप. हजाराच्या वर जनावरं, आणि त्यांचे मालक माझ्या शब्दावर निर्धास्त.

नावं एकेक करून सांगितली. ती बोटांवर मोजत राहिली. त्यातले निम्मे तिचे सोयरे. मग म्हणाली, आता ते तुमाला उभं करनार न्हाईत. मी येते.

मी म्हटलं, तुमच्या अंगावरून रोग जाईल त्यांच्या मेंढरांत. ती म्हणाली, मग धुवा मला.

१ एप्रिल, मंगळवार

जिल्ह्याहून ताजी लस मिळाली. खरा अहवाल पाठवून दिला. सरांचा फोन तीनदा वाजला, घेतला नाही. जे व्हायचं ते होईल.

भागाबाई सकाळीच आली. माझ्या न्हाणीत डोक्यावरून दोनदा आंघोळ, जुने कपडे बाहेरच ठेवले, चपला नवीन. माझी जांभळी साडी तिला आखूड झाली, पोटऱ्या दिसत होत्या. आरशात बघून स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. मेंढराला हात लावायचा नाही, मेंढवाड्याच्या कुडाबाहेर उभं राहायचं, असं मी चारदा बजावलं. समजलं म्हणाली, म्या काय येडी हाय?

लोखंडी पट्टी मकबूलभाईंनी पहाटेच काढून टाकली होती. पेटी कुठे ठेवायची, मी विचारलं. त्यांनी पुढची सीट दाखवली. भागाबाई तिथे बसली आणि पेटी मांडीवर घेतली. मी मागे, खणांच्या मध्ये, फावड्याला टेकून. गुडघे पुन्हा हनुवटीला. चढाआधी दोनदा, चढानंतर एकदा गाडी थांबवून तिने झाकण उघडायला लावलं, आत हात घालून बर्फ चाचपला.

पहिला कळप सटवाजीचा. बातमी आमच्या आधी पोचली होती. तो कुडाच्या तोंडाशी काठी घेऊन उभा, मागे बायका. माझ्याकडे बोट करून म्हणाला, ही बाई इथं पाऊल टाकनार न्हाई. मकबूलभाई इंजिन बंद करून उतरले.

भागाबाई खाली उतरली, पेटी कमरेवर घेऊन, लांबच उभी राहिली.

"सटवाजी," ती म्हणाली, "ह्या बाईनं माजी सव्वीस मेंढरं मारली. आज बरफ म्या सोता बघितलाय. टोचू दे."

सटवाजीनं काठी खाली ठेवली नाही. दुसऱ्या हातानं त्यानं पहिलं मेंढरू धरलं.